पिल्लू आणि घरातली मांजरं: मैत्रीचं नंतर बघू, आधी पाठलाग थांबवा

तुमची अडचण मला समजली ती अशी. घरात 9 वर्षांची मांजरी आणि 3 वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. चार दिवसांपूर्वी 9 आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू आलं. पहिल्याच संध्याकाळी त्याला दोघांसमोर मोकळं सोडलं. मांजरी फिस्कारली, एक पंजा मारला आणि कपाटावर जाऊन बसली; तेव्हापासून दिवसभर तिचा मुक्काम तिथेच. बोका दाराआडून बघत असतो आणि तो दिसला रे दिसला की पिल्लू भुंकत त्याच्यामागे धावतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, सोडा त्यांना एकत्र, आपसात जमवून घेतील. आणि तुम्ही विचारताय, यांची मैत्री व्हायला किती दिवस लागतील?

मी प्राण्यांची डॉक्टर आहे. पिल्लांच्या पहिल्या लसीच्या वेळी 'घरात आणखी कोण आहे' हे मी नेहमी विचारते, आणि उत्तरात मांजर आलं की लस टोचायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ या विषयावर बोलण्यात जातो. तेव्हा जरा सविस्तर सांगते.

वागणुकीकडे वळण्याआधी दोन गोष्टी आजच बघा. मांजरी कपाटावर आहे हे लिहिलंत, पण ती खाते का हे लिहिलं नाहीत. रात्री उतरून खात असेल तर ठीक. मांजराने 24 तास तोंडात काहीच घेतलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. 'भूक लागली की खाईल' हा हिशेब मांजराला लागू पडत नाही. काही दिवस उपास घडला तर, विशेषतः अंगाने जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं. दुसरं, बोक्याची लघवी. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाचा दाह होतो, आणि बोक्याचा मूत्रमार्ग मुळात अरुंद असल्याने तो पार तुंबू शकतो. पुन्हापुन्हा लिटर ट्रेमध्ये (शी-सूसाठी भुसा किंवा माती भरलेल्या ट्रेमध्ये) जाऊन कुंथतोय, ओरडतोय, पण होत काहीच नाही असं दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट, जी कुणीच विचारत नाही. पिल्लाला गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायचं औषध आणलं असेल तर त्यात परमेथ्रिन आहे का ते पाकिटावर वाचा. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराला विषारी असतं, कारण मांजराच्या यकृताला त्याचा नीट निचरा करता येत नाही. मांजर पिल्लाच्या अंगाला घासलं, त्याला चाटलं किंवा त्याच्या अंथरुणावर झोपलं एवढ्यानेही अंगाला कंप सुटू शकतो, झटके येऊ शकतात. मिश्र घरात कुत्र्यासाठीचं औषध मांजरांचा विचार करूनच निवडायचं, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना घरात मांजरं आहेत हे आवर्जून सांगा. पिल्लाचे जंत, पिसवा, अंगावरचे केस गेलेले गोल चट्टे हेही तपासून घ्या. कुत्र्यांच्या अंगावर सापडणाऱ्या पिसवा बहुतेक वेळा मांजरांच्याच जातीच्या असतात, त्यांना दोन्ही घरं सारखीच. आणि त्या पिसवांमधून फीतकृमी पोटात जातात. गजकर्णही एकाकडून दुसऱ्याकडे जातं, माणसांकडेसुद्धा. मांजरांच्या लशी राहिल्या असतील तर त्याही उरकून घ्या.

आता मूळ मुद्दा. मैत्री हे उद्दिष्ट सध्या बाजूला ठेवा. एकमेकांना चाटणारी, एकाच गादीवर झोपणारी कुत्रा-मांजराची जोडी असते, पण ती झाली तर झाली. आपल्याला हवं आहे ते एवढंच की मांजरं घरभर निर्धास्त हिंडावीत आणि पिल्लाने त्यांची दखल घेऊ नये. त्याच्या आड येते ती एकच गोष्ट, पाठलाग. पिल्लाला मांजराचा राग नसतो. पण पळणारी वस्तू दिसली की मागे धावायचं हे कुत्र्याच्या रक्तात आहे, आणि त्या धावण्यातच इतकी मजा असते की वेगळं बक्षीस लागत नाही. मांजर पळालं, पिल्लू धावलं, मांजर वर चढलं. पिल्लाच्या लेखी खेळ झकास झाला. मांजराच्या लेखी घर धोक्याचं झालं. उद्या ते आणखी लवकर पळेल, म्हणजे पिल्लू आणखी लवकर धावेल. चार दिवसांत तुमच्याकडे हे चक्र सुरू झालं आहे. म्हणून पुढचे काही आठवडे नियम एकच: पाठलाग एकदाही घडू द्यायचा नाही. 'एकदाही' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. खाली जे काही सांगते ते सगळं या एका नियमासाठीच आहे.

'जमवून घेतील' या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, ते असं की समजूतदार, धीट मांजर आणि मऊ स्वभावाचं पिल्लू असेल तर खरंच जमतं आणि मग त्या घराची गोष्ट सगळ्यांना सांगितली जाते. ज्या घरात जमत नाही तिथली मांजरी वर्षानुवर्षं एका खोलीत राहते, पलंगावर लघवी करते आणि 'म्हातारपणी हेकट झाली' म्हणून दोष तिलाच लागतो. शिवाय डोळ्यांचा धोका आहे. कोंडीत सापडलेल्या मांजराचा पंजा पिल्लाच्या तोंडावर येतो आणि नख बुब्बुळाला लागून जखम होते. पगसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या जातींत हे फारच सहज घडतं. पिल्लाने असा फटका खाल्ल्यावर एक डोळा मिटून ठेवला किंवा डोळ्यातून पाणी वाहत राहिलं तर त्याच दिवशी दाखवा.

किती दिवस लागतील ते कशावर ठरतं? तुमच्या बाजूने काही गोष्टी चांगल्या आहेत. पिल्लांचा 'हे सगळं नेहमीचंच' असं शिकण्याचा काळ साधारण 3 ते 14 आठवड्यांचा असतो, म्हणजे तुमच्या हातात अजून थोडे आठवडे आहेत. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली कुत्रा आणि मांजर एकत्र असलेल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता; त्यात मांजर आधी आलेलं आणि कुत्रा लहान वयात आलेला अशा घरांत संबंध जास्त सलोख्याचे दिसले. तुमचं घर त्यात बसतं. विरुद्ध बाजूला मांजरीचं वय आहे. मांजराचा असाच शिकण्याचा काळ पहिल्या 2 ते 7 आठवड्यांत संपतो. त्या वयात तिने कुत्रा पाहिलेला नसेल तर 9 व्या वर्षी तिला तो हळूहळूच पचनी पडणार. या वयात सांधेही दुखू लागतात, पण मांजरं ते दाखवत नाहीत, फक्त उडी मारण्याआधी क्षणभर थांबतात. पिल्लू कोणत्या जातीचं हे तुम्ही लिहिलं नाही. मेंढ्या राखणाऱ्या, शिकारी आणि टेरियर जातींत पाठलागाची ओढ जास्त असते, पण प्रत्येक पिल्लू वेगळं निघतं, त्यामुळे जातीवरून निकाल लावू नका. माझ्या अनुभवात काही घरांत दोन-तीन आठवड्यांत शांतता येते, काहींत सहा महिने लागतात, आणि वेग कायम घरातल्या सर्वांत भित्र्या जिवाचा धरावा लागतो.

तुमच्याकडे घडून गेलेलं पुसता येत नाही, पण नव्याने सुरुवात करता येते. पिल्लाला उद्यापासून घराचा एकच भाग द्या: एक खोली, किंवा जाळीचं दार लावून अडवलेला कोपरा, त्यात त्याचा क्रेट (झोपायचा पिंजरा), पाणी, चावायला खेळणी. बाकी घर मांजरांचं. बरेच लोक नेमकं उलट करतात, मांजराला खोलीत बंद करतात आणि पिल्लाला घर मोकळं सोडतात. त्याने मांजराचा स्वतःच्याच घरावरचा हक्क जातो आणि पिल्लाला सगळं घर आपलं वाटू लागतं. या वयाचं पिल्लू दिवसातले 18 तासांच्या आसपास झोपतं. ते तास मांजरांचे. पिल्लू झोपलं की दार बंद करा, मांजरांना खाली यायला वेळ द्या आणि ती हिंडताना त्यांच्यामागे लाड करत फिरू नका.

मांजरांसाठी उंचावरची वाट तयार करा. नुसती उंच जागा पुरत नाही, कारण कपाटावरून उतरायला एकच रस्ता असेल तर ती जागा म्हणजे तुरुंगच. टेबल, खुर्ची, शेल्फ अशा पायऱ्या लावा, म्हणजे खोलीच्या एका टोकाकडून दुसरीकडे जमिनीला पाय न लावता जाता येईल. तुमच्या मांजरीसाठी पायऱ्या कमी उंचीच्या आणि न घसरणाऱ्या हव्यात. खाणं-पाणी उंचावर. मांजराचं खाणं पिल्लाला फार आवडतं आणि त्याने पोट बिघडतं. उलट मांजराने नेमाने कुत्र्याचं खाणं खाल्लं तर त्याला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडतं, आणि त्याचा परिणाम पुढे डोळ्यांवर व हृदयावर होतो.

लिटर ट्रेबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात. दोन मांजरांना तीन ट्रे हव्यात, वेगवेगळ्या ठिकाणी. पिल्लू तिथे पोचता कामा नये. एक तर ते मांजराची शी खातं (हो, जवळपास सगळीच खातात), वर ओलं झालं की गोळा होणारं लिटर, म्हणजे ट्रेमधली ती माती, पोटात गेलं तर आतडं तुंबू शकतं. झाकणाची ट्रे मात्र यावर उपाय नाही. तिला दार एकच, आणि बाहेर पिल्लू दबा धरून बसलेलं. असं एकदा झालं की मांजर ती ट्रे सोडतं. त्यापेक्षा ट्रे ठेवलेल्या खोलीच्या दाराला अशी कडी लावा की मांजर जाईल तेवढीच फट उघडी राहील. पिल्लू लहान असेपर्यंत तेही त्याच फटीतून घुसतं, तोवर जाळीच्या दाराला वरच्या बाजूने मांजरांसाठी रस्ता ठेवा. आणि ट्रेची जागा बदलायचीच असेल तर एकदम नको, रोज थोडी सरकवा.

यानंतर वासाची ओळख. मऊ फडक्याने मांजराचे गाल पुसा, ते फडकं पिल्लाच्या खोलीत ठेवा. पिल्लाचं अंथरूण मांजरांच्या खाण्यापासून लांब ठेवून रोज थोडं जवळ आणा. मांजरीने हुंगून तोंड फिरवलं तर उत्तम. हुंगून फिस्कारली तरी घाबरू नका, लांब ठेवा. मांजरासाठी शांतवणारे गंध सोडणारे डिफ्युझर मिळतात. काही मांजरांना उपयोग होताना दिसतो, काहींना शून्य. लावायचा तर लावा, पण त्याच्या भरवशावर पुढची पायरी चढू नका.

मांजरं पिल्लाच्या दाराबाहेरून सहज जाऊ-येऊ लागली की जाळीतून दर्शन. इथे तुमचं खरं काम मांजराशी नसून पिल्लाशी आहे. आधी मांजर नसताना पिल्लाला हाक मारा, वळून बघितलं की खाऊ. हे पक्कं होऊ द्या. मग मांजर लांब दिसतंय अशा वेळी, पिल्लू मांजराकडे बघेल, तुम्ही हाक मारा, वळलं की खाऊ. काही दिवसांत मांजर दिसलं की ते हाकेशिवायच तुमच्याकडे बघू लागतं. हा क्षण आला की निम्मं काम झालं समजा. हाकेला वळतच नसेल, अंग ताठ करून टक लावून बघत असेल तर अंतर कमी पडतंय. मांजर आणखी लांब हवं. दोन-तीन मिनिटं पुरेत, आणि सगळं छान चाललेलं असतानाच थांबवा. मांजराने यायलाच हवं असं नाही. आलं तर त्यालाही त्याच्या आवडीचं काहीतरी द्या.

सुरुवात बोक्यापासून करा. तो बघतोय, म्हणजे त्याला कुतूहल आहे. मांजरीला त्याच्यानंतर, वेगळी. दोघांना एकाच वेळी आणण्यात एक छुपा धोका असतो: पिल्लाला घाबरलेलं मांजर शेजारच्या मांजरावरच तुटून पडतं, आणि वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली ही दोघं एकमेकांची वैरी होतात. तुमच्या दोघांत आत्ताच गुरगुर सुरू झाली असेल तर पिल्लाआधी त्यांच्याकडे लक्ष द्या, त्यांनाही काही दिवस वेगळं ठेवा.

जाळीतून कुणालाच काही वाटेनासं झालं की एकाच खोलीत. पिल्लू आधी खेळून, शी-सू करून दमलेलं हवं, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घातलेलं आणि दोरी तुमच्या हातात, पण सैल. दोरी ताणली की पिल्लाचा जोरही वाढतो. मांजराची सगळी दारं उघडी. मांजराला उचलून पिल्लासमोर आणू नका, मांडीत धरून ठेवू नका, पिंजऱ्यात ठेवून पिल्लाला हुंगायला देऊ नका. त्याला निघून जाता येत नसेल तर उरतात फक्त नखं, आणि ती बहुधा तुमच्याच हातात रुततात.

या भेटीत वाचायच्या खुणा. मांजराचे कान आडवे, शेपटीचे झपके, अंग जमिनीला चिकटलेलं: भेट संपली, पिल्लाला बाहेर न्या. मांजर पाठ करून बसलं, डोळे सावकाश मिटून उघडले, अंग चाटायला लागलं: चाललंय ते चालू द्या. घोटाळा होतो तो एकमेकांच्या खुणांचा अर्थ उलटा लागतो म्हणून. मांजर 'बास' म्हणून पंजा उचलतं. पिल्लांच्या जगात पंजा उचलणं हे खेळायचं आमंत्रण. पिल्लू शेपटी हलवत येतं. मांजराच्या जगात हलणारी शेपटी वैतागाची. त्यामुळे मांजर फिस्कारलं तर त्याला रागावू नका. फिस्कारणं ही त्याची सभ्य सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी ते सूचना न देता थेट ओरबाडेल. पिल्लालाही ओरडू नका, नाहीतर 'मांजर दिसलं की मला बोलणी बसतात' एवढंच ते शिकेल. मांजरांच्या नखांची टोकं मात्र आधीच कापून ठेवा.

वेळेचंही बघा. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चळवळी असतात. पिल्लंही संध्याकाळी, नेमकी जास्त दमलेली असताना, पिसाटल्यासारखी घरभर पळतात. दोघांची ही वेळ जुळते आणि दिवसभराची कमाई तासाभरात जाते. तुमची पहिली भेटही संध्याकाळचीच होती. सकाळी पिल्लू खाऊन, खेळून सुस्तावतं ती वेळ भेटीला चांगली. संध्याकाळी ते जाळीच्या आतच बरं, चावायला काहीतरी देऊन.

इथपर्यंतचा क्रम असा झाला: तब्येत, पिल्लाला वेगळी जागा, वास, जाळी, मग दोरी. एखाद्या पायरीवर गडबड झाली तर एक पायरी खाली उतरायचं, पार पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते.

दोरी कधी सोडायची? पिल्लू मांजर चालताना बघून, आणि मग पळताना बघूनही तुमच्याकडे वळतं, असं बरेच दिवस दिसलं की दोरी जमिनीवर लोळू द्यायची, हातात नको. त्यानंतर मोकळं. पण घरात माणूस नसताना एकत्र सोडणं ही फार पुढची गोष्ट, आणि साधारण 6 महिन्यांनंतर पिल्लू वयात येऊ लागलं की शिकवलेलं विसरल्यासारखं करतं, तेव्हा पुन्हा काही काळ दोरी लावावी लागते. तोवर ते मांजराच्या कितीतरी पट जड झालेलं असू शकतं. खेळातला धक्काही तेव्हा म्हाताऱ्या मांजराचं हाड मोडू शकतो. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर तुम्ही बाहेर असताना दार बंद, ही सवय मी कायमची ठेवायला सांगते.

काही वेळा हे जमत नाही. पिल्लू खाऊला, हाकेला दाद न देता मांजराकडे थरथरत, आवाज न करता टक लावून बघत राहिलं तर तो खेळ नव्हे, शिकारीची सुरुवात आहे. असं पिल्लू क्वचित असतं, पण त्याच्याबाबतीत घरच्या घरी प्रयोग नकोत. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. तसंच दोन-तीन आठवडे पिल्लू पूर्ण वेगळं राहूनही मांजरीचं खाणं कमीच राहिलं, अंग चाटणं थांबलं किंवा तिने चाटून केस काढले, ट्रेबाहेर करू लागली, तर तिची तपासणी करून घ्या. ताणामागे दात, मूत्रपिंड, थायरॉइड यांपैकी काही दडलेलं असणं या वयात नवीन नाही. दवाखान्यात येताना तिने रोज किती खाल्लं, ट्रे किती वेळा वापरली आणि कपाटावरून कधी उतरली हे लिहून आणलंत आणि घरातल्या जागेचे दोन-चार फोटो आणलेत, तर कुठे अडतंय ते डॉक्टरांना लवकर समजेल.